फुईच्या नावाची घागर

फुईच्या खोलीत आता साडीला फॉल आणि बिडिंग करून मिळतं. सुरतेत पर्वत पाटियाच्या बाजारातून आत वळायचं, साड्यांचे गठ्ठे लादलेल्या टेम्पोंमधून अंग चोरत पुढे निघायचं, की गल्लीच्या तोंडाशीच तिचा हिरवा दरवाजा दिसतो. परवा मी माझीच साडी टाकायला गेले होते. मशीनवरची मुलगी बोलकी आहे. म्हणाली, "आंटी, इथे आधी काय होतं हो? हवा दमट झाली की भिंतीतून कसला तरी वास येतो. मी तर रोज अगरबत्ती लावते." मी म्हटलं, "माझ्या फुईचं घर होतं." आणि थांबले. त्यात खोटं काही नव्हतं. पण त्या गल्लीत जुन्या कुणालाही विचारा, तो सांगेल की इथे फुईचा अड्डा होता.

गुजरातेत दारूबंदी आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि दारू कुठे मिळते हेही सगळ्यांना माहीत असतं. आमच्या भागातल्या लूमवाल्यांना, म्हणजे यंत्रमागावरच्या कामगारांना, ती फुईकडे मिळायची. फुई म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आम्ही खानदेशी माणसं आत्याला फुई म्हणतो आणि गुजराती माणूस फोई म्हणतो, त्यामुळे सुरतेत येऊन तिला नाव बदलावं लागलं नाही. पिणारे तिला फुई म्हणत, भाजीवाली फोई म्हणे आणि पकडायला येणारा जमादारसुद्धा दारात उभा राहून "फोई, चालो" असंच म्हणे.

गेल्या थंडीत ती गेली. अग्नी माझ्या धाकट्या भावाने दिला. तिचा स्वतःचा मुलगा, दीपक, तिथेच होता. चार माणसं सोडून, हात बांधून, शेजारपाजारचे उभे राहतात तसा उभा होता. गुरुजींनी विचारलं, "मुलगा कोण?" तेव्हा त्याने मान खाली घातली आणि माझा भाऊ पुढे झाला. ते आठवलं की मला आजही दीपकच्या मुस्काटात मारावीशी वाटते आणि पुढच्याच क्षणी त्याला जवळ घेऊन रडावंसं वाटतं. हे असं का झालं ते सांगायचं तर अड्ड्यापासूनच सांगावं लागेल.

अड्डा फुईने काढलाच नव्हता. तो तिच्या घरात आपोआप झाला. फुवा, म्हणजे तिचा नवरा, लूमवर कामाला होता आणि पिऊन कुठेही पडायचा. आज या गटारापाशी, उद्या त्या गोदामाच्या ओट्यावर. कडेवर दीपकला घेऊन त्याला शोधत फिरायचा तिला कंटाळा आला. एक दिवस तिने त्याला सांगून टाकलं, "पेवानीच शे ना? मंग घर बठीसन पे." फुवा दारूच्या पिशव्या, म्हणजे पोटल्या, घरी आणू लागला. पण एकट्याने प्यायची त्याला सवय नव्हती, म्हणून मागोमाग त्याचे दोन सोबती आले. त्यांच्यामागून त्यांचे सोबती आले. पाहुणे वाढत गेले आणि फुवा मात्र आटत गेला. तो गेला तेव्हा दीपक बालवाडीत होता. तेराव्यानंतर पाहुणे पुन्हा येऊन ओट्यावर बसले, तेव्हा फुईने दार उघडलं. तिला दुसरं काही सुचलं नसावं. मला विचाराल तर त्या वयात, त्या खोलीत मलाही सुचलं नसतं.

ती ठेंगणी होती, रुंद होती आणि तिचा आवाज लूमच्या खडखडाटावरून ऐकू यायचा. सगळ्या जगाला सिंथेटिक साड्या पुरवणाऱ्या गावात राहून ती आयुष्यभर सुती नेसली. सिंथेटिकबद्दल म्हणायची, "हाई कापड धुवानं नही, नुसतं झटकानं." दारूचा थेंब तिने कधी तोंडाला लावला नाही. देवाधर्माचं फार नव्हतं, पण अड्ड्यात चप्पल घालून आलेलं तिला चालत नसे. बाहेर चपलांची रांग पाहून एकदा एक नवखा माणूस आत भजन चालू आहे असं समजून हात जोडून आत आला होता. त्यालाही तिने जेवायला घातलं.

जेवण हा तिचा कायदा होता. रिकाम्या पोटी तिच्याकडे कुणाला पोटली मिळत नसे. चुलीवर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, वर ठेचा. "पहिले भाकर, मंग बाकीनं बोल." कितीही तलफ आलेला गडी असो, तो मुकाट मांडी घालून जेवायचा. फुवा उपाशीपोटी पिऊन मेला, एवढं तिला कळलं होतं आणि त्यावरचा तिचा उपाय एवढाच होता. एकदा बुलढाण्याकडून नुकताच आलेला एक तरुण पोरगा कुणाच्या तरी मागून आला. त्याने भाकरी अशी खाल्ली की फुई बघतच राहिली. मग त्याने लाजत लाजत पोटली मागितली. फुई म्हणाली, "तुले भूक लागेल शे, बापू. तहान नही. जाय घर." पोरगा गेला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जेवायला हजर! त्याला वाटलं, ही खानावळच आहे आणि बाकीचे लोक जेवल्यावर पाचक म्हणून काहीतरी घेतात. पुढे तो लूममास्तर झाला. तिच्या अंत्ययात्रेत सगळ्यात मोठ्याने तोच रडत होता.

बायकोला शिव्या देणाऱ्याला ती उठवून बाहेर काढायची. "तिनी गोठ तिले सांग. मना घर नको." आणि धाडीची तर तिला भीती अशी नव्हतीच. महिला पोलीस आली की फुई पदर सारखा करायची, सुपात डाळ घ्यायची आणि सूप घेऊनच जीपमध्ये चढायची. चौकीत बसल्याबसल्या डाळ निवडून व्हायची. मी शाळकरी असताना आईने मला तिचा डबा घेऊन चौकीत पाठवलं होतं. जाऊन बघते तर फुई बाकावर बसलेली आणि शेजारी एक हवालदारीण तिच्याच सुपातली डाळ निवडतेय. फुई तिला सांगत होती की दिवस गेलेल्या बाईने इतका वेळ उभ्याची ड्युटी करू नये. मी हसले. फुईही हसली. मग तिने हळूच विचारलं, "दीपक कथा शे?" मी म्हटलं, "आमच्या घरी. जेवला नाहीये." तिचं हसू गेलं.

दीपक हीच तिची एक दुखरी जागा होती. तो लहानपणापासून आमच्या घरीच अभ्यासाला असायचा आणि झोपायलाही. सकाळी उठून शाळेत जाताना वाटेत आईच्या दाराशी थांबायचा, ती त्याचा भांग पाडायची, तो पुढे जायचा. त्याच्या वर्गातल्या दोन पोरांचे बाप फुईकडे येत. शाळेत त्याला काय काय ऐकावं लागत असेल ते त्याने कधी सांगितलं नाही. चौथीत बाईंनी सगळ्यांना विचारलं, तुमचे आईवडील काय करतात? दीपकने उठून सांगितलं, "आई बिबड्या आणि पापड करते." बाई म्हणाल्या, मग मला आणून दे हं. पोरगं घाबरंघुबरं होऊन आमच्याकडे आलं. आईने हे फुईच्या कानावर घातलं.  दुसऱ्या दिवशी तिने ज्वारी भिजत घातली आणि त्या आठवड्यात आमच्या गच्चीवर फुईच्या बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत पडल्या. आमच्या आईने हात लावलेलाही तिला चालला नाही. "मना पोऱ्या खोटा नको पडाले," ती म्हणाली. पुढे ती दर उन्हाळ्यात बिबड्या करायची आणि शाळेत पोचवायची. बाईंना त्या फार आवडत.

मला तेव्हा यात गंमत वाटली होती. आई मात्र म्हणाली होती की ही बाई या पोराच्या पायी एक दिवस स्वतःला पुसून टाकेल.

दीपक शिकला. पलसाण्याकडच्या एका डाइंग युनिटमध्ये सुपरवायझर म्हणून लागला. दिसायला चांगला, पगार नियमित, व्यसन तर सुपारीचंही नाही. पण आपल्यात स्थळ आलं की चौकशी होते आणि चौकशी पर्वत पाटियापर्यंत आली की संपते. "दारूवालीचा मुलगा" या दोन शब्दांवर तीन ठिकाणी बोलणी मोडली. मग कुणाच्या तरी ओळखीने परभणीकडचं एक कुटुंब आलं. बांधकामावर मुकादम असलेला बाप, साधी माणसं, सुरतेत नवी, आमच्या लोकांशी ओळखपाळख नाही. बघण्याचा कार्यक्रम अर्थातच आमच्या घरी ठेवला. फुई सकाळपासून आमच्या स्वयंपाकघरात होती. नवी सुती साडी नेसून आली होती. पोहे तिनेच केले. पाहुण्यांसमोर कधी जायचं, काय बोलायचं, हे ती आईला पुन्हा पुन्हा विचारत होती.

पाहुणे बसले. मी ट्रे घेऊन जायच्या बेतात होते. आणि बाहेर मुलीच्या बापाने सहज विचारलं, "मुलाच्या मातोश्री?"

दीपक म्हणाला, "आई नाही. ती वारली."

आमच्या घरात भिंती पातळ आहेत. फुई माझ्यासमोर उभी होती, हातात कोथिंबीर होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने उरलेली कोथिंबीर पोह्यांवर नीट भुरभुरवली, ट्रेमधल्या बश्या सारख्या केल्या आणि मला डोळ्यांनी खुणावलं, जा. मी गेले. दीपकच्या समोर बशी ठेवली तेव्हा त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. असं बोलायचं त्याने ठरवलेलं नव्हतं याची मला खात्री आहे. चौथीत बोलला तसंच निघून गेलं असावं. माझे वडील उठून काहीतरी बोलणार एवढ्यात आतून भांडं पडल्याचा आवाज झाला. तो तिने मुद्दाम केला होता. वडील आत आले. ती त्यांच्या दंडाला धरून म्हणाली, "भाऊ, तू मझार पडू नको. त्याना तोंडमाईन निंघी गयं ते गयं. पोर चांगली शे." मग आईकडे वळून म्हणाली, "आते मी मरी गयी, वहिनी."

पाहुणे जाईपर्यंत ती आमच्या मोरीत बसून होती. ती रडली नाही, पण तिने मोरी घासून लख्ख केली.

लग्नात ती आली नाही. लग्नानंतर महिनाभरात तिने अड्डा बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं, धाडही पडली नव्हती. पिणारे दारात येऊन बसायचे, ती त्यांना भाकरी द्यायची आणि जा म्हणायची. मला वाटतं, तिच्या मनात कुठेतरी होतं की दुकानच नाही म्हटल्यावर मेलेपणही हळूहळू मिटेल, दीपक एक दिवस येईल, बायकोला घेऊन येईल. दीपक यायचा, एकटा, महिन्या दोन महिन्यांनी, उभ्या उभ्या. औषधं आणून द्यायचा. ती त्याला फक्त एकच विचारायची, "वऊ काय म्हनस?" तो सांगायचा, बरी आहे. पण आई मेली म्हणून सांगितल्यावर ती जिवंत आहे असं सांगायला कुठून सुरुवात करायची, हे त्याला कधी सापडलं नाही. त्याला मुलगी झाली. ती फुईने माझ्या मोबाइलवर पाहिली, बोटाने मोठी करून करून पाहिली.

आता हे सांगते ते ती जाण्याआधीच्या आखाजीचं. आमच्या खानदेशात अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात. घरातून गेलेल्या माणसाच्या नावाने त्या दिवशी मातीची घागर भरून ठेवायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. आणि गेलेल्याच्या जागी एक जिवंत माणूस बोलावून त्याला पोटभर जेवू घालायचं. त्या माणसाला पितर म्हणतात. त्या दिवशी तोच गेलेला माणूस असं समजायचं, त्याच्या पाया पडायचं, कपडा देऊन पाठवायचं.

दीपकची बायको वंदना. तिच्या माहेरी अशी घागर नसते. पण लग्नानंतर तिने माझ्या आईला विचारून विचारून सगळं शिकून घेतलं आणि दर आखाजीला न चुकता सासूची घागर भरू लागली. कधी न पाहिलेल्या सासूची! दीपकने नको नको म्हणून पाहिलं, पण कारण काय सांगणार? पितर म्हणून शेजारच्या एक आजी यायच्या, त्या गावाला राहायला गेल्या. मग वंदनाचा मला फोन आला. "ताई, आमच्या सोसायटीत तुमच्याकडची एकबी म्हातारी उरली नाही बघा. सासूबाई विधवा होत्या, म्हणून विधवाच बाई पाहिजे म्हणतात. तुमच्या वळखीची कुणी गरीब आजी असली तर घेऊन या ना."

मी त्या वेळी फुईच्याच खोलीत होते. फोन स्पीकरवर होता, कारण फुईला वंदनाचा आवाज ऐकायचा असायचा. मी फोन ठेवला.  मग फुईने विचारलं, "मना नावनी घागर भरस ती?"

"हो."

"डांगर ठेवस?"

"ठेवते. सांजोऱ्याही करते. आईने शिकवल्यात."

"कोनी सांगं नही, तरी करस," ती म्हणाली आणि तेव्हा मात्र रडली. आयुष्यात मी तिला रडताना तेवढंच पाहिलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "मी जासू."

मी नको म्हटलं. दीपकचं काय होईल, वंदनाला कळलं तर काय होईल, सगळं सांगून पाहिलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मनी घागर शे, बेबी. मी नही जासू त कोन जाई?"

आखाजीला आम्ही रिक्षाने निघालो. घरात शिरताना तिने चप्पल पार बाहेर, जिन्यापाशी काढली. वंदनाने तिचे पाय धुतले. पाय धुताना म्हणाली, "आजी, टाचा लई फुटल्यात तुमच्या, मलम देते जाताना." भिंतीशी पाट मांडला होता. त्याच्या शेजारी घागर, घागरीवर पिवळंजर्द डांगर. फुईने एकदा घागरीकडे नीट पाहिलं, कोण्या नातेवाइकाच्या घरी लग्नाची तयारी बघावी तसं, आणि पाटावर बसली. वंदना वाढत होती. फुई तिच्या हाताकडे, बांगड्यांकडे, चेहऱ्याकडे बघत होती आणि सावकाश, एकेक घास चावून जेवत होती. दुसऱ्यांना जेवू घालण्यात जन्म गेलेल्या बाईला कुणीतरी आग्रह करून वाढतंय, हे मी पहिल्यांदाच पाहत होते.

दीपकची मुलगी समोर येऊन उभी राहिली. सुरतेतली पोरं, घरात मराठी ऐकतात आणि बोलतात हिंदी. तिने विचारलं, "आज आप मेरी दादी हो ना?"

वंदना हसून म्हणाली, "हो ग, आज त्याच दादी."

फुईने घास खाली ठेवला. पोरीकडे बघून म्हणाली, "आजना दिन शे."

तेवढ्यात दीपक आला. युनिटमधून अर्धी सुट्टी घेऊन आला होता. पितराला कोण येणार हे त्याने विचारलंच नसावं. तो दारात थबकला. हातात पोरीसाठी आणलेली कुल्फी होती, ती वितळत राहिली. वंदना म्हणाली, "आवो, बघत काय उभे राहिलात? पाया पडा. आईच आल्यात असं समजा."

तो पुढे आला, गुडघ्यावर बसला आणि त्याने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. ठेवलं ते उचलेचना. त्याची पाठ हलत होती. फुईचा उजवा हात आमरसाने माखलेला होता, म्हणून तिने डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. मला वाटलं, आता तो बोलेल. आत्ता बोलेल. वंदना माझ्या कानाशी म्हणाली, "आईवर लई जीव होता हो ताई यांचा. दर वर्षी असं नाही करत. या आजीत त्यांना आई दिसली बघा."  दीपक उठला, मोरीत गेला आणि नळ सोडून तोंड धूत राहिला.

फुईने ताटात एक शीत ठेवलं नाही. वंदनाने तिला साडी दिली, सिंथेटिक, जांभळ्या फुलांची. फुईने ती कपाळाला लावली. "मी रिक्षा बघून देतो," दीपक म्हणाला, आणि तिला घेऊन खाली गेला. मी आणि वंदना गॅलरीत उभ्या राहिलो.

खाली तो तिला कोपराला धरून हळूहळू नेत होता.  फाटकापाशी पोचले तेव्हा समोरून त्याच्या युनिटमधलं कुणीतरी बाइकवर आलं, थांबलं, दीपकला काहीतरी विचारू लागलं. दीपकचा हात तसाच तिच्या कोपरावर होता. त्याने तो काढला नाही, हे मी देवाशपथ सांगते. तिनेच काढला. त्याची बोटं सोडवली, दोन पावलं बाजूला सरली आणि परक्याच्या घरी जेवून निघालेलं माणूस यजमानाला करतं तसा तिने त्याला दोन्ही हात जोडून नमस्कार केला. मग ती वळून एकटीच रस्त्याकडे चालू लागली.

"गरीब आहे, पण रीतभात किती बघा," वंदना म्हणाली. "ताई, यांना मूलबाळ कुणी नाही का?"

"एक मुलगा आहे," मी म्हटलं.

"मग तो कसा सोडतो हो अशा आईला?" वंदना म्हणाली. फुई फाटकाबाहेर रिक्षासाठी हात करत होती, बगलेत जांभळ्या फुलांची साडी होती. मागे फाटकात दीपक उभा होता आणि बाइकवरचा माणूस त्याला काहीतरी सांगत होता.